तलाव आहे, पाणथळ नाही

पाणथळ म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. जिथे पाणी साचतं, पाय रुततो आणि बगळा उभा असतो, ती पाणथळ. पण कायद्याला इतकं सोपं परवडत नाही. केंद्र सरकारने 2017 साली पाणथळ जागांच्या संवर्धनाचे नियम काढले आणि त्यात पाणथळ कशाला म्हणावं हे सांगता सांगता कशाला म्हणू नये याचीही यादी दिली. नदीचं पात्र? नाही. भातशेती? नाही. पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव? नाही. मासे वाढवायला, मीठ पिकवायला, करमणुकीसाठी किंवा सिंचनासाठी मुद्दाम बांधलेलं काही? तेही नाही.

आता ही यादी खिशात घालून भंडारा जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या करडीला या. एका अंगाला वैनगंगा. ती नदी, म्हणून बाद. चहूकडे धानाच्या बांध्या. भातशेती, म्हणून बाद. मधेमधे तलाव आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी. कुणीतरी कधीतरी धान ओलवायला बांधलेल्या, म्हणून बाद. तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या आणि स्वतःला तलावांचा जिल्हा म्हणवणाऱ्या भंडाऱ्यात पाणथळ म्हणून मग उरलं काय? रस्त्यावरचे खड्डे. तेही माणसानेच केलेत, पण कुठल्याही विशिष्ट हेतूने मुद्दाम बांधलेले नाहीत. नियमात चपखल बसतात.

या सगळ्यात पंचाईत झाली सारसाची. माणसाच्या उंचीचा हा पक्षी, उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच. महाराष्ट्रात तो आता मुख्यतः गोंदिया आणि भंडारा या दोन जिल्ह्यांत उरलाय, आणि तोही बोटांवर मोजता येतील इतपत जोड्यांनी. तो घरटं करतो धानाच्या बांधीत. चरतो तलावाच्या उथळ काठाला. नदीच्या पात्रातही उतरतो. नियमांनी वगळलेल्या जागा निवडून निवडून तिथेच संसार थाटायचा, असा त्याने जणू पणच केला आहे. पक्ष्याला 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे, त्याला कुणी हात लावला तर गुन्हा. त्याच्या घराला मात्र कायदा ओळखत नाही. माणूस सुरक्षित, घर अनधिकृत. झोपडपट्टीतल्या लोकांना हे नवीन नाही, सारसाला असावं.

2021 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसांच्या घसरत्या संख्येची बातमी वाचून स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. न्यायमूर्ती पेपर वाचतात, ही चांगली गोष्ट. पण ज्या खात्यांचं हे कामच आहे ती कुठला पेपर वाचतात, हेही कुणीतरी विचारायला हवं होतं. त्यानंतर समित्या झाल्या, आराखडे झाले, सारसांना शॉक देणाऱ्या विजेच्या तारांवर चर्चा झाली. सारस उडतो जड अंगाने आणि तारेत अडकून मरतो, हे गोंदियात वर्षानुवर्षं शेतकऱ्यांबरोबर काम करणारी ‘सेवा’ संस्थेची मंडळी आधीपासून सांगत होती. सांगणारा गावचा असला की त्याला माहिती म्हणतात. तेच कोर्टाने सांगितलं की त्याला निर्देश म्हणतात. तारा तेव्हा हलतात.

गंमत अशी, की जगाला या बाबतीत काही अडचण नाही. 1971 साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळींचा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या व्याख्येत नैसर्गिक आणि कृत्रिम, कायम आणि हंगामी अशा सगळ्या पाणथळी मावतात. भारत 1982 पासून त्या करारात आहे. आणि 2020 साली महाराष्ट्राला मिळालेली पहिली रामसर जागा कुठली? नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर. ते कसं झालं? ब्रिटिशांनी गोदावरीवर सिंचनासाठी बंधारा घातला, मागे गाळ साचला, गाळात वनस्पती आल्या, वनस्पतींमागे पक्षी आले. थोडक्यात, सिंचनासाठी मुद्दाम केलेलं बांधकाम. राजस्थानातलं भरतपूरही तसंच. राजेसाहेबांना बदकं मारायला सोयीचं व्हावं म्हणून पाणी अडवलं होतं. म्हणजे करमणूक! दोन्ही ठिकाणांमुळे आता देशाची मान उंच होते. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, तलावाचं एवढंच चुकलं, की तो गोऱ्या साहेबाने किंवा महाराजाने बांधला नाही. कोहळ्याने बांधला.

कोहळी समाजाला गोंड राजांनी बनारसकडून आणलं, असं इकडे सांगतात. कुठूनही आलेले असोत, पाण्याचा उतार त्यांना डोळ्यांनी कळत होता, हे मान्य करावं लागतं. नवेगावबांधचा अकरा चौरस किलोमीटर पसरलेला तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचं सांगतात. ना निविदा, ना सुधारित प्रशासकीय मान्यता. याच वैनगंगेवर 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते गोसीखुर्दची पायाभरणी झाली, तेव्हा खर्च धरला होता 372 कोटी. आज आकडा काही हजार कोटींत आहे आणि कालव्यांची कामं अजून रंगात आहेत. कोलू पाटलांनी अंदाजपत्रक केलं असतं तर नवेगावचा तलावही बहुधा अजून बांधकामाधीनच असता.

पूर्व विदर्भात असे सहा-सात हजार तलाव आहेत. त्यांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, लाडाने ‘मामा तलाव’. 1951 मध्ये, हा मुलूख मध्य प्रदेशात असताना, मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करणारी जमीनदारी, संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजार म्हणजे काही संत नव्हे. वेठीला लावून पार, म्हणजे तलावाचा बांध, घालून घेणारे, पाण्याचा पैसा वसूल करणारेही त्यात होते. त्यांच्यासाठी अश्रू ढाळायचं कारण नाही. पण गावाचा निस्तार, म्हणजे जळण, चराई, मासा, पाणी यांवरचा हक्क, निदान कागदावर लिहिलेला असे आणि तलाव फुटला तर कुणाच्या दारात ओरडायचं हे माहीत असे.

आता ओरडायला दारं पुष्कळ झाली. शंभर हेक्टरच्या आतलं सिंचन असेल तर जिल्हा परिषद, त्याहून मोठं असेल तर पाटबंधारे. मासा मत्स्यव्यवसाय खात्याचा. उन्हाळ्यात पाणी ओसरून उघडी पडलेली जमीन महसूलची. तलाव जंगलात असेल तर वनखात्याचा. रोजगार हमीतून गाळ काढायचा तर पंचायत समिती. तलाव एकच, पण पाणी एकाचं, मासा दुसऱ्याचा, तळ तिसऱ्याचा. बगळा कुणाचाच नाही, म्हणून तो अजून टिकून आहे.

तलावातला मासा हा तर स्वतंत्र अध्याय. पूर्वी या तलावांत मरळ, मांगूर, शिंगी असा स्थानिक मासा स्वतःच्या मर्जीने वाढायचा. पहिल्या पावसात पाणी वाहू लागलं की तो उथळात चढायचा, काठच्या वनस्पतींत अंडी घालायचा. पिल्लांना तिथेच खाणं, तिथेच लपण. त्यात बाहेरचा पैसा लागत नव्हता. मग विकास आला. तलावांत रोहू, कतला, मृगळ सोडायचे ठरले. ही मंडळी मोठ्या नद्यांतली. साचल्या पाण्यात ती वाढतात, पण वंश वाढवत नाहीत. म्हणजे दरवर्षी बीज विकत घ्या, सोडा, काढा, पुन्हा विकत घ्या. शेतकऱ्याला संकरित बियाण्याची जी दरसाल दुकानवारी, तीच ढिवरांच्या, म्हणजे इथल्या मासेमारांच्या, सहकारी संस्थेला माशाच्या बीजाची. वर तलावाचा ठेका निराळा.

मरळीची योजना का नाही, असं कुणी विचारलं तर उत्तर सोपं आहे. ती फुकट वाढते. फुकट वाढणाऱ्या गोष्टीचं बिल काय करणार? बिल नाही तर योजना कशी करणार? मांगुराचं तर आणखी भलतंच झालं. गावरान मांगूर मागे पडला आणि त्याचं नाव लावून आफ्रिकेतला मांगूर बाजारात आला. त्याला ‘थाई’ म्हणायचं. तो तळ्यात शिरला तर दुसरा मासा शिल्लक ठेवत नाही. पाळायला बंदी आहे. बंदी आहे हे सगळ्यांना माहीत आहे.

भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने, म्हणजे मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ढिवर समाजाबरोबर बसून जुन्या जाणत्यांना एकच गोष्ट विचारली : पूर्वी तलावात काय काय होतं? मासे किती होते हे नंतर. आधी काय उगवायचं ते सांगा. मग लोकांनी उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या तळातली बेशरमची झुडपं मुळासकट उपटली, तळ नांगरला आणि पावसाळ्याच्या तोंडावर देवधान, कमळ, कुमुदिनी आणि पाण्याखालच्या वनस्पती दुसऱ्या तलावांतून आणून खोलीनुसार लावल्या. धान रोवतात तसंच, कमरेत वाकून. वनस्पती आल्या, त्यांच्यामागे कीटक आले, मासे आले, पक्षी आले. यात एकही परदेशी तज्ज्ञ लागला नाही, त्यामुळे पुरेशी प्रसिद्धीही मिळाली नाही.

बेशरमबद्दल दोन शब्द. ही मूळची अमेरिका खंडातली बाई. जनावर तोंड लावत नाही, तोडली तरी फुटते, म्हणून हे नाव. कुंपणाला बरी म्हणून माणसांनी लावली आणि तिने तलावाचे काठ बळकावले. अतिक्रमण म्हणावं तर तिच्या नावाने कुणी नोटीस काढत नाही. ढिवराने काठावर टरबुजाचा वाफा केला की मात्र तलाठी हजर.

हे असं वाकून, रोवून, वाट बघून करायचं काम सरकारी वर्षात बसत नाही. मार्च असतो ना. मग जेसीबी येतो. गाळ काढणं वाईट नाही. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही कल्पना कागदावर उत्तम आहे आणि त्या गाळाने कित्येक बांध्या सुधारल्याही असतील. पण जेसीबीला उतार कळत नाही, घनमीटर कळतो. तलाव म्हणजे काठापासून मधापर्यंत हळूहळू खोल होत जाणारी जमीन. टाचभर पाण्यातली वनस्पती वेगळी, गुडघाभर पाण्यातली वेगळी, छातीभर पाण्यातली वेगळी. तळ उभा कापला की तो तलाव राहत नाही, हौद होतो. हौदाच्या काठाला सारस उभा राहू शकत नाही, मरळ अंडी घालू शकत नाही. मात्र पाणीसाठा वाढल्याचा फलक लागू शकतो. तो लागतोच.

आणि फलकानंतर सौंदर्यीकरण. पारावर पेव्हर ब्लॉक, दोन सिमेंटचे हरीण, रात्री रंग बदलणारे दिवे आणि गावाच्या नावाआधी लाल बदाम असलेली इंग्रजी अक्षरं. समोर सेल्फी घ्यायचा. पाठीमागे पाणी दिसलं पाहिजे, त्यात काय आहे ते दिसण्याची गरज नाही. स्थलांतरित बदकं हिवाळ्यात हजारो किलोमीटर उडून येतात आणि खाली जांभळे-हिरवे दिवे बघून गोंधळतात. कुणाचं लग्न आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तलावांचं जाऊ द्या, जंगल तर राखीव आहे! आहे. करडीच्या दुसऱ्या अंगाला कोक्याचं जंगल आहे आणि 2013 पासून ते अभयारण्य आहे. त्याचीही एक कथा. 1999 साली महाराष्ट्रदिनी गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि भावांची वाटणी व्हावी तशी नागझिरा आणि नवेगाव ही दोन्ही नावाजलेली जंगलं बहुतांशी तिकडे गेली. भंडाऱ्याच्या वाट्याला पितळेची भांडी आली. जिल्ह्याची ओळखच ती. मग चौदा वर्षांनी कोका मिळालं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा, कोका सगळं मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. कोका जेमतेम शंभर चौरस किलोमीटरचं. एखादा वाघोबा पाय मोकळे करायला सकाळी निघाला तर संध्याकाळी त्याला हद्द लागावी, एवढं.

वाघाला हद्द कळत नाही, ही तक्रार वनखातं आणि शेतकरी दोघेही करतात. नागझिऱ्यात वाढलेला ‘जय’ 2013 मध्ये चालत चालत शंभराहून अधिक किलोमीटरवरच्या उमरेड-कऱ्हांडल्याला गेला. वाटेत राष्ट्रीय महामार्ग, गावं, नदी, कालवे, बांध्या. त्या सगळ्या प्रवासातला जो मुलूख राखीव नव्हता, त्यानेच त्याला तिकडे पोचवलं. पुढे तो प्रसिद्ध झाला, पट्टा गळ्यात आला, 2016च्या एप्रिलपासून बेपत्ता झाला, तो आजतागायत. त्याच्या शोधावर जितकं लिहिलं गेलं, त्याच्या निम्म्यानेही तो ज्या शेतांतून गेला त्या शेतांबद्दल कुणी लिहिलं नाही.

हद्द चालते ती बेटावर. न्यूझीलंडमध्ये समुद्रातल्या बेटांवरून उंदीर आणि बाहेरून आलेले इतर शिकारी प्राणी हुसकावून तिथले मूळ पक्षी पुन्हा वाढवले आहेत. उत्तम काम. त्यांना ते शक्य आहे, कारण भोवती समुद्र आहे. आपणही मनातल्या मनात अभयारण्याला बेटच समजतो. आत वाघ, बाहेर माणूस, मधे गेट आणि गेटवर पावती. पण बेटाचा एक जुना हिशेब आहे. विल्यम न्यूमार्क नावाच्या संशोधकाने 1987 साली उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राष्ट्रीय उद्यानांचा अभ्यास करून दाखवलं, की उद्यान जितकं लहान, तितके त्यातले सस्तन प्राणी अधिक नाहीसे झाले. पहारा होता, पगारी रेंजर होते. जागा पुरली नाही आणि बाहेरून येणारं कुणी उरलं नाही. आणि त्यातली बहुतेक उद्यानं आपल्या कोक्याच्या कितीतरी पट!

तेव्हा कोक्याचं भवितव्य कोक्यात नाही. ते करडी-पालोऱ्याच्या शिवारात आहे, वैनगंगेच्या काठी आहे, ज्या बोडीवर हरीण पहाटे पाणी पिऊन परत जातं त्या बोडीत आहे. आणि या सगळ्याचं भाडं शेतकरी भरतो. रानडुक्कर एका रात्रीत बांधीभर धान लोळवून जातं. पंचनामा, अर्ज, फोटो, आधार, पासबुक. भरपाई येते तेव्हा पुढचं डुक्कर येऊन गेलेलं असतं. मग कुणीतरी कुंपणात थेट वीज सोडतं. डुकरासाठी लावलेल्या तारेत वाघ मरतो, कधी शेजारचा शेतकरीच मरतो. वाघ मेला की मुंबईहून फोन येतात.

पानठेल्यावर यावरचं मत स्पष्ट असतं : ‘वाघ सरकारचा, डुक्कर सरकारचं, अन् धान खाल्लं की मंग ते आमचं का जी?’ मी याला उत्तर शोधलं. सफारीच्या गेटवर जी रक्कम जमते तिचा वाटा गावाला मिळतो असं सांगितलं जातं. ज्या गावात गेट आहे तिथे काही प्रमाणात मिळतही असेल. पण सारसाला गेट नाही. बांधीत घरटं झालं म्हणून धानाचा तुकडा न कापता सोडणारा शेतकरी इकडे सापडतो, आणि त्याला कुणी जिप्सीतून बघायला येत नाही. त्या तुकड्याचं धान सरकारने हमीभावाने विकत घ्यावं, उभंच, न कापता. असा तुकडा कितीसा असणार? एका स्वागत कमानीच्या खर्चात जिल्ह्यातली सगळी घरटी सुटतील.

आणि पाणथळीची व्याख्या बदलायला दिल्ली लागते हे खरं असलं, तरी सगळंच दिल्लीत नाही. 2002चा जैवविविधता कायदा आहे. त्यात राज्य सरकार स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करू शकतं. ती जागा नैसर्गिक आहे की कोहळ्याने बांधली, असा प्रश्न तिथे आडवा येत नाही. गडचिरोलीत आलापल्लीच्या जंगलाला हा मान मिळाला आहे. तलावाला मिळायला हरकत कसली?

त्याच कायद्याखाली प्रत्येक ग्रामपंचायतीत एक समिती असते आणि त्या समितीने गावातल्या झाडा-प्राण्यांची लोक जैवविविधता नोंदवही करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी 2020 अखेरची मुदत देऊन उशिराला महिना दहा लाखांचा दंड लावायचं ठरवल्यावर देशभर या वह्या धडाधड तयार झाल्या. इतकी वर्षं न दिसलेली जैवविविधता काही महिन्यांत सापडली. दंडाच्या उजेडात फार लांबचं दिसतं.

तर आपल्या पंचायतीत जा आणि ही वही मागा. आहे म्हणाले तर ग्रामसभेत मोठ्याने वाचायला लावा, ढिवरवाड्याच्या म्हाताऱ्यांना पुढे बसवून. मरळ लिहिली आहे का, देवधान लिहिलं आहे का, सारस कुठल्या बांधीत उतरतो ते लिहिलं आहे का, ते बघा. नसेल तर तिथल्या तिथे लिहून घ्या, सचिवाची सही घ्या. आणि मुदतीच्या घाईत कुणी दुसऱ्या गावची पानं डकवून ठेवली असतील आणि आपल्या तलावात रत्नागिरीचं समुद्री कासव निघालं, तर त्यावर काट मारू नका. तेवढ्या एका नोंदीपायी तरी वरून कुणीतरी तपासणीला येईल.